मुक्काम कुठे? अहिल्याबाईंना विचारा

ट्रिप ठरली की ग्रुपवर आधी गाडी ठरते, मग तारखा, मग गाण्यांची लिस्ट. रात्री झोपायचं कुठे हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो आणि निम्म्या ट्रिप तिथेच कॅन्सल होतात. पाथर्डीहून शेवगाव, पैठण करत वेरूळला जायचं म्हटलं तरी हिशोब हाच. हॉटेलची रूम सहा जणांत वाटून घेतली तरी महिन्याचा पॉकेटमनी उडतो. गाडीतच झोपू म्हटलं तर गाडी लावायची कुठे? ढाब्यासमोर, पंपावर, की एखाद्या देवस्थानच्या भक्तनिवासाच्या आवारात? तिथे पाणी असेल का, टॉयलेट असेल का, रात्री कुणी उठवून हाकलेल का? आणि ग्रुपमध्ये मुली असतील तर घरच्यांचा पहिला प्रश्न मुक्कामाचाच असतो.

ज्यांचे नातेवाईक अमेरिकेत आहेत त्यांनी तिकडचे फोटो पाहिले असतील. बेड, गॅस, बेसिन सगळं आत असलेली मोठी गाडी. तिला तिकडे आरव्ही म्हणतात. सुट्टी लागली की लोक ही गाडी घेऊन निघतात आणि रात्री नॅशनल पार्क किंवा स्टेट पार्कमधल्या सरकारी कॅम्पग्राउंडवर थांबतात. जागा निवडताना तिकडची मराठी कुटुंबंही तेच बघतात जे आपण बघू. गाडी त्या जागेत मावते का, नळ आणि विजेचा पॉइंट जवळ आहे का, सांडपाणी कुठे सोडायचं, सावली आहे का, रात्री पार्कचा माणूस फेरी मारतो का. आपल्याकडेही २०२१ साली महाराष्ट्र सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात गाड्यांबरोबर त्या उभ्या करायच्या जागांचा, म्हणजे कॅराव्हॅन पार्कचाही विचार आहे.

पण अनोळखी वाटसरूला रात्र काढता येईल अशी जागा कुणीतरी सगळ्यांसाठी बांधून ठेवायची, ही कल्पना अमेरिकेची नाही. तिचा माग काढत गेलं की वाट आपल्याच जिल्ह्यात येते, जामखेड तालुक्यातल्या चौंडीला. जिल्ह्याला ज्यांचं नाव दिलंय त्या अहिल्याबाई होळकरांचं चरित्र आपण शाळेत पुण्यश्लोक राणी म्हणून वाचतो. मंदिरं, घाट, हातात शिवलिंग. मला ते चरित्र मुक्कामांचं वाटतं. प्रवासी माणूस रात्री कुठे थांबतो, हे ज्या बाईनं आयुष्यभर पाहिलं आणि सांभाळलं, तिचं.

त्यांचा जन्म ३१ मे १७२५ चा. सीना नदीच्या काठचं चौंडी, वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. पुढची गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना माहीत असते. मल्हारराव होळकर पुण्याकडे जाताना चौंडीत थांबले, देवळात त्यांना सात-आठ वर्षांची अहिल्या दिसली आणि त्यांनी तिला सून करून घ्यायचं ठरवलं. यातली किती कथा आणि किती इतिहास हे बाजूला ठेवू. पण सुरुवातच एका मुक्कामापासून होते, हे मला गमतीचं वाटतं. १७३३ साली खंडेराव होळकरांशी लग्न झालं आणि अहिल्याबाई माळव्यात गेल्या.

मल्हारराव हा कायम घोड्यावरचा माणूस. होळकरांचं घर म्हणजे निम्मं वर्ष छावणी. हजारो माणसं, घोडे, बैल, उंट, तोफा असं गावच्या गाव रोज उचलायचं, पाच-सात कोस पुढे न्यायचं आणि संध्याकाळी परत मांडायचं. छावणीची जागा चुकली तर लढाईआधीच फजिती. नदी जवळ हवी, पण पावसाळ्यात पाणी तंबूत शिरेल इतकी जवळ नको. जनावरांना चारा हवा. बंजाऱ्यांचे तांडे बैलांवर धान्य लादून येतात, त्यांना यायला वाट मोकळी हवी. मागची वाट राखायला चौक्या हव्यात. आजच्या कॅम्पग्राउंडच्या यादीशी लावून बघा. पाणी, रस्ता, सामान, सुरक्षितता. यादीत फक्त चार्जिंग पॉइंट वाढलाय.

१७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव गेले. अहिल्याबाई तेव्हा तिशीच्या आत होत्या. त्या सती जायला निघाल्या, मल्हाररावांनी अडवलं. म्हाताऱ्या सासऱ्याला आता मुलगा नव्हता, त्यानं सुनेला कामाला लावलं. महसूल, पत्रव्यवहार, फौजेची रसद. १७६५ सालचं मल्हाररावांचं त्यांना गेलेलं एक पत्र इतिहासकार नेहमी दाखवतात. चंबळ ओलांडून ग्वाल्हेरला जावं, तिथे चार-पाच दिवस मुक्काम करावा, तोफा आणि दारूगोळ्याची तजवीज करावी, वाटेवर रक्षणासाठी चौक्या बसवाव्यात, असा त्याचा आशय आहे. अठराव्या शतकात एक सासरा आपल्या विधवा सुनेला हे लिहितो. अनेकांनी यात मल्हाररावांचं मोठेपण पाहिलं आणि ते आहेच. मला यात अहिल्याबाईंचं शिक्षणही दिसतं. आपल्या भाषेत सांगायचं तर ही त्यांची फिल्ड ट्रेनिंग होती.

नंतरची दोन वर्षं वाईट होती. मे १७६६ मध्ये आलमपूरला मल्हारराव वारले. नातू मालेराव गादीवर आला आणि १७६७ च्या एप्रिलमध्ये तोही गेला. होळकरांना वारस नाही म्हणून राघोबादादा फौज घेऊन निघाले. अहिल्याबाईंनी शेजारच्या सरदारांना पत्रं धाडली, फौजेची तयारी केली, पुण्यात माधवराव पेशवे त्यांच्या बाजूनं उभे राहिले आणि राघोबांना लढाईविना परतावं लागलं. हा प्रसंग सिरियलमध्ये बरेच एपिसोड चालतो, इथे एवढंच पुरे. फौजेचं काम तुकोजी होळकरांकडे गेलं, कारभार अहिल्याबाईंकडे. इंदूर सोडून त्यांनी नर्मदेकाठी महेश्वरला बस्तान मांडलं. पुढची जवळपास तीस वर्षं त्या तिथून राज्य चालवत राहिल्या.

आणि इथे एक गंमत आहे. छावणीत वाढलेली ही बाई आता बहुतेक काळ एका गावात राहिली, आणि तिनं उरलेला देश दुसऱ्यांसाठी चालता केला.

त्या काळी यात्रेला निघणं म्हणजे काय, हे आज डोक्यात येत नाही. आपल्या भागातून काशीला जायचं तर महिनोन्महिने चालायचं किंवा बैलगाडीत हादरायचं. बैलगाडी दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर जाते. म्हणजे मधे कितीतरी रात्री, आणि प्रत्येक रात्रीला एक जागा. ज्याच्याकडे पैसा आणि शिपाई तो तंबू लावेल. ज्याच्याकडे नाही तो झाडाखाली, ओढ्याकाठी, देवळाच्या ओवरीत. लोक यात्रेला निघताना घरच्यांचा शेवटचा निरोप घ्यायचे ते उगाच नाही. उन्हाळ्यात पाणी नाही, जंगलात लुटारू, आजारी पडलं तर विचारणारं कुणी नाही.

आधी रस्ता. विंध्य आणि सातपुड्याच्या घाटांत भिल्लांच्या टोळ्या प्रवाशांना अडवायच्या. अहिल्याबाईंनी पहिल्यांदा समजावून पाहिलं, मग कडक शिक्षा करून पाहिल्या. शेवटी जो तोडगा निघाला तो मला फार हुशारीचा वाटतो. डोंगरातून जाणाऱ्या मालावर थोडी पट्टी घेण्याचा भिल्लांचा जुना हक्क, ज्याला भिलकवडी म्हणत, तो त्यांनी मान्य केला. पडीक जमिनी कसायला दिल्या. बदल्यात त्यांच्या हद्दीतल्या रस्त्याची राखण त्यांच्यावरच टाकली. वाट अडवणारेच वाटेचे राखणदार. लुटारूंचा बंदोबस्त करणाऱ्याशी मुलीचं लग्न लावून देईन, असं अहिल्याबाईंनी जाहीर केलं आणि यशवंतराव फणसे यांनी ते करून दाखवलं, म्हणून मुक्ताबाई त्यांना दिली, अशीही एक कथा आहे. महेश्वरहून महूकडे जाताना विंध्याचा उभा चढ लागतो. तिथे त्यांनी मोठा खर्च करून घाटरस्ता बांधून घेतला. तिथला जाम दरवाजा १७९१ चा आहे आणि पावसाळ्यात आज तिथे रील करणाऱ्यांची गर्दी असते.

मग मुक्काम. वाटेवर विहिरी, बारवा, धर्मशाळा. तीर्थाच्या गावी घाट, म्हणजे नदीत उतरायला पायऱ्या आणि बसायला जागा. सदावर्त, म्हणजे शिधा किंवा शिजवलेलं अन्न. उन्हाळ्यात रस्त्यावर पाणी पाजायला माणसं. सर जॉन माल्कम हा इंग्रज अधिकारी १८१८ नंतर माळव्यात कारभार बघत होता. तिथल्या माणसांना विचारून त्यानं अहिल्याबाईंबद्दल लिहिलं, ते पुस्तक १८२३ साली आलं. महेश्वरच्या आसपास नांगरणी करणाऱ्या बैलांना भर उन्हात थांबवून पाणी पाजायला त्यांची माणसं शेतात फिरत, असं त्यात आहे. केदारनाथच्या भागात त्यांची दगडी धर्मशाळा आणि पाण्याचं कुंड १८१८ साली तिकडे गेलेल्या एका अधिकाऱ्यानं पाहिलं होतं, हेही त्यात येतं. म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर वीसेक वर्षांनी, हिमालयात, ती जागा वापरात होती.

नकाशा उघडून ही ठिकाणं टाकत जा. काशीला विश्वेश्वराचं देऊळ १७८० साली, शिवाय मणिकर्णिकेचा घाट. गयेला विष्णुपद. हरिद्वारला कुशावर्त घाट. सोमनाथ, पुरी, रामेश्वर, पंढरपूर. आपल्या ट्रिपच्या टप्प्यातलं वेरूळ, तिथलं घृष्णेश्वराचं देऊळ आणि जवळचं शिवालय तीर्थ, ते सुंदर पायऱ्यांचं कुंड. यातली बरीच ठिकाणं होळकरांच्या राज्यात नव्हतीच. वेरूळ निजामाकडे, काशी तोवर इंग्रजांच्या हाताखाली गेलेली, अयोध्या नवाबाकडे. जिथे आपलं राज्य नाही तिथे मुक्कामाची जागा बांधायची म्हणजे परवानगी मागायची, वकील पाठवायचे, कारकून नेमायचे, कारागीर मिळवायचे. आणि तिथून एक रुपया महसूल येणार नाही. आज एक सरकार दुसऱ्या राज्यातल्या हायवेवर आपल्या पैशानं टॉयलेट बांधतंय अशी कल्पना करून बघा.

पैसा कुठला, हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. होळकरांच्या घरात दोन हिशोब होते. दौलत आणि खासगी. दौलत म्हणजे राज्याचा पैसा, त्यातून फौज आणि कारभार. खासगी म्हणजे घरातल्या बाईच्या नावानं दिलेल्या गावांचं आणि जमिनींचं उत्पन्न. ते पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना लावून दिलं होतं, त्यांच्यानंतर अहिल्याबाईंकडे आलं. या घाट-धर्मशाळांचा खर्च त्यांनी खासगीतून केला. आणि नुसता बांधकामाचा नाही. देवळाला, अन्नछत्राला दरसालची नेमणूक लावून दिली, कुठे जमिनी लावून दिल्या. म्हणजे पुजारी, झाडणारा, पाणी भरणारा, स्वयंपाकी यांना पुढच्या वर्षीही पगार मिळेल. गंगेच्या पाण्याच्या कावडी देशभरातल्या देवळांना नेमानं पोचवायची व्यवस्था होती. त्या कावडी वाहणाऱ्या माणसांनाही वाटेत टेकायला जागा लागतच असणार.

तुम्ही एखाद्या टुरिस्ट स्पॉटवर नवंकोरं पण कुलूप लावलेलं टॉयलेट पाहिलं असेल. दारावर उद्घाटनाची पाटी, आत नळाला पाणी नाही. बांधायला पैसे होते, झाडायला नव्हते. ट्रिपसाठी जागा निवडताना मी तरी आता हेच आधी विचारणार आहे. इथे रोज कोण असतं, आणि त्याला पगार कोण देतं? तिथला राखणदार महिन्याचा पगार घेणारा असेल तर पाणी असतं, दिवा असतो आणि रात्री गेट लागतं.

आता थोडं कडू. धर्मशाळा सगळ्यांसाठी होती असं आपण सहज म्हणून जातो. अठराव्या शतकातल्या समाजात तिच्या ओवरीत सगळ्या जातींना सारखी जागा मिळत होती, असं मानायला काही कारण नाही. विहिरींवर भेदाभेद होता, पंगतीत होता, मग मुक्कामात कसा नसेल? अहिल्याबाई आपल्या काळाच्या खूप पुढे होत्या, पण त्या काळातच होत्या.

हे पाथर्डीत बसून जास्त कळतं. आपल्या तालुक्यात मढीला कानिफनाथांची समाधी आहे. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत तिथे यात्रा असते, गाढवांचा बाजार भरतो आणि भटक्या जमातींचे लोक लांबून येतात. पालं पडतात, तीन दगडांच्या चुली पेटतात, शेजारी जनावरं बांधलेली. घर सोबत घेऊन फिरणं ज्याला आपण आता कॅराव्हॅन म्हणतोय, ते या लोकांनी पिढ्यानपिढ्या केलंय, हौस म्हणून नाही. आणि मुक्कामाची जागा त्यांना कुणी बांधून दिली नाही. उलट १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यात अशा कितीतरी जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरल्या. हजेरी लावायची, परवानगीशिवाय हलायचं नाही, गावाबाहेर पाल टाकलं तरी पोलीस दारात. तो कायदा १९५२ साली गेला. भिल्लांना रस्त्याचे राखणदार करण्याचा अहिल्याबाईंचा तोडगा या कायद्याच्या जवळजवळ शंभर वर्षं आधीचा आहे. दोन्ही शेजारी ठेवून बघा.

महेश्वरातली शेवटची वर्षं दुःखाची होती. नवरा, सासू, सासरा, मुलगा हे आधीच गेलेले. मग मुक्ताबाईंचा मुलगा नथ्याबा गेला. १७९१ साली जावई यशवंतराव गेले आणि मुक्ताबाई सती जायला निघाल्या. अहिल्याबाईंनी विनवण्या केल्या. मुलगी ऐकेना. सैतीस वर्षांपूर्वी सासऱ्यानं सुनेला थांबवलं होतं, आता आईला मुलीला थांबवता आलं नाही. नर्मदेच्या काठावर त्या ते पाहत उभ्या होत्या आणि नंतर तीन दिवस त्यांनी अन्न घेतलं नाही, असं माल्कम लिहितो. एवढी सत्ता असून त्यांनी सतीची प्रथा का बंद केली नाही, हा प्रश्न मला पडतो. त्याचं सोपं उत्तर देऊन मोकळं व्हावंसं वाटत नाही. जाम घाटाचा दरवाजा त्याच वर्षीचा आहे. म्हणजे इकडे घर रिकामं होत होतं आणि तिकडे घाटात दगड चढत होते.

१३ ऑगस्ट १७९५ ला महेश्वरलाच त्या गेल्या. वय सत्तर. दोन वर्षांनी तुकोजीही गेले आणि होळकरांच्या घरात गादीसाठी मारामाऱ्या सुरू झाल्या. खासगीचा हिशोब मात्र चालू राहिला. संस्थानं विलीन झाली, १९६२ साली या धर्मादाय मालमत्तांसाठी ट्रस्ट झाला. त्यातल्या काही मालमत्ता विकल्या गेल्यावरून वाद पेटला आणि तो सुप्रीम कोर्टापर्यंत पोचला. वाटसरूसाठी बांधलेला घाट विकता येतो का, यावर कोर्टात युक्तिवाद झाले. महेश्वरच्या वाड्याच्या एका भागात आता महागडं हेरिटेज हॉटेल आहे, ते आपल्या बजेटचं नाही. खालचा घाट मात्र फुकट आहे, आणि संध्याकाळी तिथे बसायला कुणी तिकीट विचारत नाही.

कुणाचा प्लॅन होत असेल तर पाथर्डीहून महेश्वर एका दिवसात ओढू नका. नगर, मनमाड करत जा आणि पहिली रात्र चांदवडच्या आसपास धरा. तिथे डोंगराच्या पायथ्याशी होळकरांचा रंगमहाल आहे, मुंबई-आग्रा हायवेला लागूनच. राहायची जागा अंधार पडायच्या आधी बघून घ्या, आणि आधी नळ सोडून बघा. सकाळी पाण्याचे कॅन भरूनच निघा, पुढे लगेच राहूड घाट लागतो.